‘मॅडम, हे पेपरात येईन का?’

पत्र (थोडं आखूड करून):

सर, मी नागपुरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. बीसीसीएच्या (संगणकाचा वापर शिकवणाऱ्या वाणिज्य पदवीच्या) पहिल्या वर्षाला ‘माहिती प्रणालीची ओळख’ हा विषय माझ्याकडे आहे. वर्गात ७२ मुलं, बाकं जमिनीला ठोकलेली, तास ४८ मिनिटांचा. गेल्या सत्रात एका कार्यशाळेत अ‍ॅक्टिव्ह लर्निंगबद्दल, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकण्याबद्दल, ऐकलं आणि उत्साहानं कामाला लागले. सहा-सहांचे बारा गट केले आणि प्रत्येक गटाला ‘एका संस्थेच्या माहिती प्रणालीचा अभ्यास’ असा प्रकल्प दिला. नऊ पीपीटी आल्या, त्यातल्या सात जवळपास सारख्या. वर्गात चर्चा ठेवली की मागची बाकं क्रिकेटवर बोलतात. प्राचार्य म्हणाले, ‘तुमच्या वर्गातून फार आवाज येतो.’ मुलांच्या अभिप्रायात एकानं लिहिलं, ‘मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच शिकायला लावतात.’ दुसरा रोज विचारतो, ‘मॅडम, हे पेपरात येईन का?’ आता वाटतं, सरळ नोट्स सांगाव्या आणि मोकळं व्हावं. माझं काय चुकतंय? ता.क. ४८ मिनिटांतली सात हजेरीतच जातात, त्याचं काय करू?

उत्तर:

ताई,

‘मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच शिकायला लावतात’ हे ज्यानं लिहिलं त्याला एक पेढा द्या. लिहिलंय तक्रार म्हणून, पण वर्णन बिनचूक आहे.

तुमचं काय चुकलं ते आधी सांगतो, कारण तेच माझं चुकलं होतं. शिकवायला लागून चार-पाच वर्षं झाली होती. तेव्हा मी सगळ्या वर्गाला गटप्रकल्प दिला, ‘बँकेची माहिती प्रणाली’. सादरीकरणाच्या दिवशी एका गटाला विचारलं, ‘खातेदारानं घर बदललं तर नवा पत्ता कुठेकुठे बदलावा लागेल?’ पाच जण एकमेकांकडे बघत राहिले. सहावी, जिनं सगळं केलं होतं, ती तापानं घरी होती. गुण मात्र सहाही जणांना सारखे द्यावे लागले, कारण तसंच आधी जाहीर करून बसलो होतो.

‘संस्थेचा अभ्यास करा’ या कामात चुकायला जागाच नसते. काहीही लिहिलं तरी चालतं, म्हणून नेटवरून उचललेलंही चालतं. आणि एकानं केलं की बाकीच्यांची गरज उरत नाही. मुलं आळशी आहेत असं मला वाटत नाही. काम फार मोठं होतं आणि प्रश्न फार पातळ होता. तुम्हाला हवा आहे एवढासा प्रश्न, ज्यावर वर्ग दोन-तीन तुकड्यांत फुटेल आणि आपण बरोबर की चूक हे कळल्याशिवाय पोरांना चैन पडणार नाही.

एक देतो, उद्याच वापरा.

‘सकाळी सीताबर्डीवर तर्री-पोहे खाल्ले, क्यूआर स्कॅन केला, ५० रुपये पाठवले. बँकेचा पैसे कापल्याचा मेसेज आला. पण ‘पैसे मिळाले’ असं बोलून सांगणारा गाडीवरचा डबा बोललाच नाही. आता पैसे कुठे आहेत? एक: तुमच्याच खात्यात. दोन: गाडीवाल्याच्या खात्यात. तीन: मध्येच अडकलेत. चार: एवढ्यावरून सांगता येत नाही.’

एक मिनिट कोणी बोलायचं नाही. मग सगळ्यांनी एकदम छातीजवळ बोटं दाखवायची, एक ते चार. छातीजवळ अशासाठी की शेजाऱ्याला दिसत नाही, तुम्हाला दिसतं. हात वर करायला सांगितलं तर हुशार पोराकडे बघून बाकीचे हात वर जातात. तुम्ही अंदाजानं मोजा, उत्तर सांगू नका. ‘शेजाऱ्यानं वेगळं बोट दाखवलं असेल तर त्याला पटवून द्या, दोन मिनिटं’ एवढंच म्हणा आणि पुन्हा बोटं मागा. दुसऱ्या वेळी चार बोटांची संख्या वाढलेली दिसेल, तुम्ही एक शब्द न शिकवता.

ही पद्धत माझी नव्हे. हार्वर्डला भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ती वापरली. आधी एकट्यानं उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा उत्तर. त्यांचा ठोकताळा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पहिल्या फेरीत बरोबर उत्तरं ३० टक्क्यांच्या खाली असतील तर वाद घालून उपयोग नाही, तुम्हीच समजावून सांगा. ७० च्या वर असतील तर पुढे चला. मधल्या पट्ट्यात असतील तरच बोलू द्या. तुमची मागची बाकं क्रिकेटकडे वळली ती बहुधा याचमुळे. प्रश्न एकतर सगळ्यांना येत होता किंवा कोणालाच येत नव्हता.

आता उत्तर चार का, ते फळ्यावर काढा. तुमचं अ‍ॅप, तुमची बँक, मधलं एनपीसीआयचं (यूपीआय चालवणाऱ्या संस्थेचं) केंद्र, गाडीवाल्याची बँक आणि शेवटी तो डबा. पैसे कापल्याचा मेसेज एवढंच सांगतो की तुमच्या बँकेनं आपल्या बाजूचं काम केलं. समोरच्या बँकेत जमा होणं ही वेगळी पायरी, ती फसली तर पैसे परत फिरतात. डब्याचं बोलणं तिसरीच गोष्ट. त्याला स्वतःचं सिम असतं, रेंज नसेल तर पैसे जमा होऊनही तो गप्प. इथे माहिती प्रणालीचे पुस्तकातले पाच घटक काढा: यंत्रं, सॉफ्टवेअर, डेटा, माणसं, कामाची पद्धत. विचारा, यातलं काय बिघडलं असेल? कोणी तरी नक्की म्हणेल, ‘मॅडम, काही गाडीवाले मोबाइलवरचा हिरवा टिक बघूनच जाऊ देतात, अन् पोट्टे जुना स्क्रीनशॉट दाखवतात.’ हा झाला चौथा आणि पाचवा घटक, जे पुस्तकात एकेका ओळीत उरकलेले असतात. यूपीआय २०१६ साली आलं. तुमची मुलं तेव्हा शाळेत होती, या प्रणालीत ती लहानाची मोठी झाली आहेत. पुस्तकातल्या विमान कंपनीच्या उदाहरणापेक्षा त्यांना हे जवळचं.

या सगळ्याला १५ मिनिटं पुरतात. उरलेल्या वेळात तुम्ही नेहमीसारखं शिकवा. अख्खा तास उलथापालथ करायची गरज नाही, आणि तासिका तत्त्वावरच्या माणसानं ती करूही नये.

दुसरा प्रयोग जरा पसाऱ्याचा आहे, पण माझा आवडता. डेटाबेसच्या धड्याच्या *आधीच्या* तासाला करा, नंतर केलात तर मजा गेली. वर्ग म्हणजे पोह्याची गाडी. तिघे ऑर्डर घेणार, दोघे पोहे लावणार, एक मालक, बाकी सगळे गिऱ्हाईक. ऑर्डर घेणाऱ्यांना पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या द्या आणि कसं लिहायचं ते मुळीच सांगू नका. चार मिनिटांत जमतील तेवढ्या ऑर्डरी. गोंगाट होईल, होऊ द्या.

माझ्याकडच्या जुन्या गठ्ठ्यातल्या तीन चिठ्ठ्या अशा आहेत. ‘२ पो. तर्री ज्यादा.’ ‘राहुल – दोन, सांबार नको.’ ‘दोन प्लेट, कोथिंबीर नाही, एकीत कांदा कमी.’ मग मालकाला उभं करायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. आज एकूण किती प्लेट गेल्या? बिनकोथिंबिरीच्या किती? राहुलचे पैसे आले का?

पहिल्या प्रश्नाला मालक चिठ्ठ्या मोजत बसतो. दुसऱ्याला खरी गंमत. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे वर्गातल्या पुण्याहून आलेल्या मुलीला माहीत नव्हतं. तिनं ‘सांबार नको’ वाचून विचारलं, ‘पोह्यांबरोबर सांबार कोण देतं?’ वर्ग पाच मिनिटं हसत होता. पण एकाच वस्तूला दोन नावं असली की बेरीज चुकते, हे त्या हसण्यात सगळ्यांना कळलं. डेटा डिक्शनरी, म्हणजे कुठल्या नावाचा अर्थ काय याची ठरलेली यादी, हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिला. तिसऱ्या प्रश्नाला वर्गातले तीन राहुल उभे राहिले, आणि ‘प्रायमरी की’, म्हणजे प्रत्येकाला वेगळं ओळखणारा रकाना, कशाला लागते ते सांगायचं कामच उरलं नाही.

मग चौघाचौघांत बसवा आणि एकच काम द्या: ‘हे तिन्ही प्रश्न एका नजरेत सुटतील असा तक्ता आखा. फक्त रकान्यांची नावं लिहा.’ बाकं हलत नाहीत त्याची काळजी नको. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या रांगेनं उलटं वळून मागच्यांकडे तोंड करायचं. दोन पुढचे, दोन मागचे, झाले चार. ७२ ला बरोबर १८ गट. चारच्या वर जाऊ नका, पाचवा नेहमी मोबाइलमध्ये असतो. आणि गटाला कागद एकच द्या, पेनही एकच. प्रत्येकाला वेगळा कागद दिला की चार एकटी माणसं शेजारी बसलेली असतात.

निम्म्या गटांचा तक्ता फसेल. कोणी गिऱ्हाइकाचं नाव दर ओळीत पुन्हा लिहील, कोणी एका रकान्यात ‘२, तर्री ज्यादा, सांबार नको’ असं सगळं कोंबेल. फसलेले तक्ते फाडू नका, जपून ठेवा. नॉर्मलायझेशन (एकच माहिती पुन्हापुन्हा लिहावी लागू नये असे तक्ते आखणं) शिकवताना तेच बाहेर काढायचे आहेत. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी तक्त्यांची ही सगळी कल्पना १९७० साली मांडली, हे त्या दिवशी सांगितलंत तर मुलं ऐकतात. तक्त्याशिवाय काय होतं ते त्यांनी नुकतंच भोगलेलं असतं. मी वर्षानुवर्षं उलटं करत होतो. व्याख्या आधी, उदाहरण मागून, आणि अडचण कधीच नाही. मुलांना औषध पाजत होतो, दुखणं काय ते न सांगता.

तिसरा प्रयोग तुमच्या ७२ या आकड्यावरून सुचला. जुन्या बनावटीच्या स्लीपर डब्यात बरोबर ७२ बर्थ असतात. सगळा वर्ग म्हणजे विदर्भ एक्स्प्रेसचा एक डबा. दोन मुलांना आरक्षणाच्या दोन खिडक्या करा, एक फळ्याजवळ, दुसरी दाराबाहेर. दोघांकडे ७२ चौकटींचा एकेक कागद. एकमेकांशी बोलायचं नाही. तीन मिनिटं तिकिटं विका, मग दोन्ही कागद शेजारी लावा. खिडकीजवळचे खालचे बर्थ दोनदा विकलेले असणारच.

आता विचारा, उपाय काय? कोणी म्हणेल, अर्धे बर्थ या खिडकीला, अर्धे त्या. करून बघा, एका खिडकीवर डबा फुल्ल आणि दुसरीवर बर्थ रिकामे. कोणी म्हणेल, एकच कागद ठेवा आणि एक पोरगा पळवा. तेही करा, रांग दारापर्यंत जाईल. तिसरा म्हणेल, बर्थ देण्याआधी दुसऱ्या खिडकीला ओरडून सांगा, ‘१७ नंबर धरला, कोणी देऊ नका.’ त्याला उभा करा आणि सांगा की तू आत्ता लॉक नावाची गोष्ट शोधलीस. संगणक येण्याआधी रेल्वेत याचा इलाज असा होता की गाडीचं रजिस्टर ज्या खिडकीत, रांग त्याच खिडकीत. मुलांच्या आजोबांना विचारलं तर ते त्या रांगांच्या गोष्टी रंगवून सांगतील. १९८० च्या दशकाच्या मध्यात दिल्लीत संगणकावरचं आरक्षण सुरू झालं आणि रेल्वेच्या संगणकीय कामांसाठी १९८६ मध्ये क्रिस ही संस्था निघाली. आज कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचं तिकीट मिळतं, यात एवढं काय विशेष, असं मुलांना वाटतं. दारापर्यंतच्या रांगेत एकदा उभं राहिलं की वाटत नाही.

आता ‘हे पेपरात येईन का?’

या पोरावर रागावू नका. त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि मला वाटतं तुमच्या वर्गात सर्वांत प्रामाणिक तोच असावा. कामठीहून नाहीतर बुटीबोरीहून बस बदलून येणाऱ्या, दुपारी दुकानात बसणाऱ्या मुलाला नोट्स हव्या असतात त्या काही उगाच नव्हे. म्हणून प्रत्येक प्रयोगाची शेवटची पाच मिनिटं पेपरची ठेवा. जुन्या प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न फळ्यावर लिहा आणि म्हणा, ‘आत्ता जे केलंत तेच पाच गुणांसाठी लिहा.’ बोलणं मराठीत, हिंदीत, वऱ्हाडीत काय व्हायचं ते होऊ द्या. लिहिताना पेपरची भाषा आणि पुस्तकातला शब्द. आणि तास संपताना एका पानाची छापील नोट द्या, तासाआधी नाही. त्या नोटमध्ये उदाहरणाची जागा कोरी ठेवा, म्हणजे पोहे नाहीतर रेल्वे त्यांना स्वतःच्या हातानं भरावी लागेल.

मुलांना ‘मॅडम शिकवत नाहीत’ असं का वाटतं, यावरही बोललं पाहिजे. हार्वर्डमध्येच भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. अर्ध्या मुलांना उत्तम व्याख्यान ऐकवलं, अर्ध्यांना तोच मजकूर स्वतः प्रश्न सोडवत शिकायला लावला. चाचणीत दुसरी मुलं पुढे होती. पण ‘आपण किती शिकलो?’ असं विचारल्यावर व्याख्यान ऐकलेल्यांनाच जास्त शिकल्यासारखं वाटत होतं. गुळगुळीत व्याख्यान ऐकताना सगळं समजतंय असं वाटतं; अडखळत शिकताना आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. हे मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाका. मी सांगायला लागल्यापासून अभिप्रायातला कडवटपणा बराच कमी झाला.

प्राचार्यांसाठी दुसरा आकडा हाताशी ठेवा. २०१४ साली २२५ अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा नुसत्या व्याख्यानांच्या वर्गात नापासांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के आणि अ‍ॅक्टिव्ह लर्निंगच्या वर्गात सुमारे २२ टक्के निघालं. ते अभ्यास विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताचे होते, वाणिज्य शाखेचे नव्हेत, हेही सांगा. अर्धवट सांगून नंतर तोंडघशी पडू नका. पण आकड्यांआधी साधी गोष्ट करा. आवाजाचा तास कुठला ते प्राचार्यांना आदल्या दिवशी कळवा आणि ‘दहा मिनिटं गिऱ्हाईक म्हणून या’ असं म्हणा. ‘बिनकांद्याचे पोहे’ मागून गेलेले प्राचार्य नंतर आवाजाबद्दल सहसा बोलत नाहीत. आणि आठवड्याला चार तास असतील तर आवाजाचा एकच ठेवा. वाद घालणं तुम्हाला परवडणार नाही, मला ठाऊक आहे.

गटप्रकल्प पुन्हा द्यायचाच असेल तर ‘संस्था’ हा शब्द काढून टाका. घराजवळच्या एका दुकानात, मेसमध्ये किंवा डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये एक कागद कोणत्या हातातून कोणत्या हातात जातो, एवढंच बघून यायला सांगा. एक कागद, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. नेटवर हे सापडत नाही. आणि गटातल्या कोणाला प्रश्न विचारायचा ते चिठ्ठी काढून ठरवा, त्याचं उत्तर तेच गटाचं उत्तर. ही अट आधी सांगितली की गट आपोआप एकमेकांना शिकवायला लागतात. फक्त कळमन्याच्या मार्केटमध्ये संत्र्यांचा लिलाव बघायला सगळा वर्ग घेऊन जाऊ नका. मी एकदा नेला होता. ऐन लिलावात पन्नास पोरं वह्या घेऊन अडत्याला ‘तुमची निर्णयप्रक्रिया काय?’ विचारत होती. त्यानं जे उत्तर दिलं ते इथे छापता येणार नाही.

राहता राहिली तुमच्या ताज्या कलमातली हजेरी. नाव पुकारणं बंद करा. तास संपताना प्रत्येकानं एक चिठ्ठी द्यायची: वर रोल नंबर, खाली आज काय कळलं नाही ते एका ओळीत. चिठ्ठ्यांचा गठ्ठा हीच हजेरी, आणि पुढच्या तासाचा पहिला प्रश्नही त्यातूनच निघतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोणी तरी मित्राची चिठ्ठी टाकेल. ७२ पैकी ६४ हजर दिसतील आणि चिठ्ठ्या ६७ निघतील. तेव्हा ओरडू नका. ते दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, आणि या तीन चिठ्ठ्या कशा पकडायच्या याचे उपाय चौघाचौघांत मागा. ज्यांनी त्या टाकल्या असतील त्यांचा गट सगळ्यात चांगला उपाय देईल, बघा.